नावात 'गन', पण आत काय? सिनेमे, गाणी, बँड, गेम्स सगळं चालेल

मागची_रांग

मंडळी, एक मदत पाहिजे आणि एक भुंगा डोक्यात शिरलाय तोही इथेच सोडतो.

आमच्या ग्रुपची महिन्यातून एकदा ऑनलाइन क्विझ असते, या वेळी प्रश्न काढायची पाळी माझी. विषय घेतला 'नावात बंदूक'. म्हटलं सोप्पंय, दहा मिनिटांत पंचवीस नावं होतील. झाली पण. टॉप गन, नेकेड गन, गन्स ऑफ नॅव्हरोन, मॅन विथ द गोल्डन गन, यंग गन्स, टीव्हीवरची गनस्मोक, गाण्यांत गन्स एन रोझेस, सेक्स पिस्टल्स, बीटल्सचा रिव्हॉल्वर. मग उत्तरं लिहायला बसलो आणि लक्षात आलं की यातल्या निम्म्यांचा बंदुकीशी काही संबंधच नाही. टॉप गनमध्ये गन कुठाय, विमानं आहेत. रिव्हॉल्वर अल्बम (१९६६) अख्खा ऐकला तरी गोळीबारावर एक गाणं नाही, रेकॉर्ड गोल फिरते म्हणजे रिव्हॉल्व होते एवढीच ती कोटी. गन्स एन रोझेस म्हणजे 'एल ए गन्स' आणि 'हॉलिवूड रोझ' अशा दोन बँडची नावं जोडलीत, १९८५ साली, बंदूक आणि गुलाब वगैरे कविता आपण आपल्या मनाने लावलेली. आणि नेकेड गन (१९८८) आधी 'पोलीस स्क्वाड' नावाची टीव्ही सिरीयल होती, १९८२ ची, सहा एपिसोडमध्ये गुंडाळली. सिनेमा काढताना नाव असं दिलं की ऐकून जुन्या डिटेक्टिव्ह कादंबरीचं कव्हर डोळ्यासमोर यावं, आणि आत दीड तास निव्वळ आचरटपणा.

तर नाव ठेवणारे लोक त्यात बंदूक का घालतात, नुसती तिकिटं खपावीत म्हणून? आणि असा एखादा सिनेमा सांगा जिथे नावातली बंदूक हाच गोष्टीचा कणा आहे, ती काढली तर सिनेमाच उरत नाही. माझ्याकडे एक नाव आहे पण आधी सांगत नाही, बघू कोणाला येतंय.

गेमवाल्यांनी पण लिहा, माझं त्यातलं ज्ञान शून्य.

खिडकीपाशी

विंचेस्टर '७३. हेच असणार तुमचं नाव, पैज.

१९५० चा, ॲन्थनी मानचा, जेम्स स्टुअर्ट आहे. पण खरी हिरोइन रायफलच. सुरुवातीला नेमबाजीची स्पर्धा, बक्षीस ही रायफल, स्टुअर्ट जिंकतो आणि दहा मिनिटांत त्याला मारहाण करून ती पळवतात. मग सिनेमा स्टुअर्टला सोडून रायफलच्या मागे जातो हो! पत्त्यांच्या डावात एकाकडून एका व्यापाऱ्याकडे, त्या व्यापाऱ्याकडून आदिवासी टोळीच्या प्रमुखाकडे, तिथून एका भित्र्या माणसाकडे, त्याच्याकडून गुंडाकडे. ज्याच्या हातात पडते तो थोड्या वेळाने मरतो, आणि मरताना पण त्याला वाटत असतं की आपण काय भारी वस्तू मिळवली. लहानपणी पाहिला तेव्हा मला तो काऊबॉयचा सिनेमा वाटला होता, परवा परत पाहिला तर भुताचा वाटला, शापित हार असतो ना गोष्टीत, तसं.

त्या काळात बंदुकीचं मॉडेल थेट नावात घालायची लाटच होती, त्याच वर्षी कोल्ट .४५, १९५२ मध्ये स्प्रिंगफील्ड रायफल. आज फोनचं मॉडेल सिनेमाच्या नावात घातलं तर कसं वाटेल!

अवांतर: स्टुअर्टने या सिनेमासाठी ठरलेलं मानधन न घेता नफ्यातला वाटा घेतला होता, आणि नंतर बाकीचे स्टार पण तेच मागायला लागले. म्हणजे खरी गोळी स्टुडिओवाल्यांना लागली.

हवाई_चप्पल

टॉप गनमध्ये गन नाही?? धागाकर्त्यांचा तीव्र निषेध.

सिनेमातल्या एफ-१४ ला नाकाजवळ डाव्या बाजूला २० मिलिमीटरची तोफ असते, सहा नळ्यांची, आणि एका प्रसंगात हिरो मिसाईलसाठी अंतर फार कमी आहे म्हणून गनवर येतो. नीट बघा परत.

पण खरी गंमत वेगळीच आहे. टॉपगन ही मुळात लढाऊ वैमानिकांची खरी शाळा, ती अमेरिकन नौदलाने १९६९ मध्ये काढली, कारण व्हिएतनाममध्ये समोरासमोरच्या हवाई लढाईत त्यांचे वैमानिक अपेक्षेपेक्षा फारच मार खात होते. आणि नौदल तेव्हा जी एफ-४ फँटम उडवत होतं तिला गनच नव्हती! मिसाईल आलं, आता जवळून कोण लढतंय, अशी समजूत. म्हणजे शाळेचं नाव टॉपगन आणि विद्यार्थ्यांच्या विमानाला गन नाही. हा प्रश्न क्विझमध्ये टाका, एकाला पण येणार नाही.

शब्दखाऊ

धागा आवडला. मी भाषांतराचं काम करते त्यामुळे हा 'गन' शब्द माझा जुना वैरी आहे.

इंग्रजीत गन म्हटलं की खिशातल्या पिस्तुलापासून युद्धनौकेवरच्या तोफेपर्यंत सगळं त्यात बसतं. मराठीत तसा शब्दच नाही. आपल्याला आधी ठरवावं लागतं की ही वस्तू केवढी आहे. गन्स ऑफ नॅव्हरोन (१९६१) कोणी 'नॅव्हरोनच्या बंदुका' केलं तर वाचणाऱ्याला वाटेल कोणीतरी शस्त्रांची पेटी चोरायला निघालंय. त्या तोफा आहेत, डोंगरातल्या गुहेत बसवलेल्या, जहाजं बुडवणाऱ्या, पुस्तकात (१९५७) पण आणि सिनेमात पण. म्हणजे 'नॅव्हरोनच्या तोफा'. उलट मॅन विथ द गोल्डन गनमध्ये 'सोन्याची बंदूक' म्हटलं की डोळ्यासमोर खांद्यावर घ्यायची लांबलचक वस्तू येते, आणि तिथे तर शर्टाच्या बाहीतसुद्धा मावेल असा प्रकार. तो कारभार फार छान दाखवलाय सिनेमात (१९७४): फाउंटन पेन ही नळी, लायटर हा चेंबर, सिगारेट केस म्हणजे मूठ आणि कफलिंक हा चाप. समोरच्या माणसाशी गप्पा मारत टेबलावर शांतपणे एकेक जोडत जायचं. गंमत म्हणजे मूळ कादंबरीत (१९६५) यातलं काही नाही, तिथे साधं सोन्याचा मुलामा दिलेलं कोल्ट .४५ आहे. सिनेमावाल्यांना नाव पुरलं नाही, त्यांना नावातली वस्तू बघण्यासारखी पण हवी होती.

आणि 'हॅव गन, विल ट्रॅव्हल' (टीव्हीवर १९५७ ते १९६३)! हे नाव म्हणजे पेपरातल्या छोट्या जाहिरातीची भाषा आहे, काम शोधणारे लोक असं लिहायचे. यात बंदुकीपेक्षा तो जाहिरातीचा सूर महत्त्वाचा. मी एकदा गंमत म्हणून करून बघितलं होतं: 'बंदूक स्वतःची, बाहेरगावी जाण्यास तयार'. यापेक्षा बरं कोणाला सुचलं तर सांगा.

'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' (१९९८) हे तर दुहेरी दुखणं. लॉक म्हणजे चाप-घोड्याची यंत्रणा, स्टॉक म्हणजे दस्ता, बॅरल म्हणजे नळी, तिन्ही मिळून अख्खी बंदूक, म्हणून इंग्रजीत त्याचा अर्थ 'झाडून सगळं'. आपण 'बाडबिस्तऱ्यासकट' म्हणतो पण त्यात धूर कुठून आणायचा?

बाय द वे, तुपक शब्द आठवतो का कोणाला? बखरीत, पोवाड्यात असतो, तोफा-तुपका वगैरे. तो तुर्कीतल्या तुफेकचा भाऊ. तोच शब्द तमिळमध्ये थुपाक्की झाला आणि २०१२ मध्ये विजयच्या सिनेमाचं ते नाव होतं, नुसतं 'बंदूक', बास. सुट्टीवर आलेल्या सैनिकाची गोष्ट आहे ती. हिंदीत २०१४ मध्ये तोच सिनेमा परत केला तेव्हा नाव ठेवलं 'हॉलिडे'. एकाने नावात बंदूक ठेवली, दुसऱ्याने सुट्टी, आणि दोन्ही बरोबर!

मागची_रांग

खिडकीपाशी, बरोब्बर! विंचेस्टरच होतं माझ्या मनात.
हवाई चप्पल, निषेध मान्य, चूक सुधारतो. फँटमचा प्रश्न घेतला.
शब्दखाऊ ताई, 'बाहेरगावी जाण्यास तयार' वाचून फुटलो, ते मी नाव न सांगता क्विझमध्ये विचारणार, ओळखा सिनेमा-सिरीयल म्हणून. आणि लॉक-स्टॉक पण कण्याच्या यादीत यायला पाहिजे का? त्यातल्या दोन जुन्या बंदुका म्हणजे लाखमोलाच्या ॲन्टिक, आणि ज्यांच्या हातात आहेत त्यांना पत्ता नाही.

खिडकीपाशी

यायलाच पाहिजे. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका.) शेवटी एक जण पुलावर लटकलाय, खाली नदी, त्या दोन बंदुका खाली टाकायच्या धडपडीत, फोन तोंडात धरलाय आणि तो वाजतोय. तिथेच संपतो. अख्ख्या सिनेमात इतके लोक मेले आणि आपला जीव कशासाठी वरखाली होतो तर बंदुका पडू नयेत म्हणून.

जॉयस्टिक_बाबा

गेमवाल्यांना बोलावलंत म्हणून आलो. नावाचं म्हणाल तर आमच्यात बंदूक नावात लागतच नाही, १९९३ च्या डूमपासून ती स्क्रीनच्या खाली मधोमध कायमची बसलेली आहे, नावात कशाला परत.

पण माझी आवडती बंदूक डक हंटची. १९८४ चा गेम, हातात प्लास्टिकची बंदूक, टीव्हीवर बदकं उडतायत, चाप दाबला की बदक पडतं. लहानपणी वाटायचं बंदुकीतून काहीतरी किरण जातो आणि टीव्हीला लागतो. प्रत्यक्षात उलटं आहे! बंदुकीतून काहीच निघत नाही, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर आहे. चाप दाबला की क्षणभर सगळी स्क्रीन काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, डोळ्याला कळेपर्यंत गायब पण होतो. बंदुकीला अंधारानंतर उजेड दिसला तर नेम लागला, नाही दिसला तर हुकला. म्हणजे गोळी झाडतो टीव्ही आणि लागते बंदुकीला 😄 हे कळल्यावर मी दोन दिवस सुन्न होतो. आणि आत्ताच्या फ्लॅट टीव्हीवर ती चालत नाही, सगळा हिशोब जुन्या डबा टीव्हीच्या वेळेशी बांधलेला आहे.

नावाचं एक देतो तरी. जपानी ॲनिमे गंडम (१९७९), त्याचं आधीचं कामचलाऊ नाव गनबॉय होतं. गन पहिल्यापासून आहेच आत, फक्त लपली.

विंगेतला_आवाज

वाचत होतो नुसतं, टंकायचा कंटाळा, पण विषयच असा आहे की राहवेना.

मी हौशी नाटकांना साउंड करायचो बरीच वर्षं. एका एकांकिकेत शेवटी गोळी झाडायची होती. पिस्तूल लाकडी, काळा रंग मारलेलं, आवाज माझ्याकडे. दिग्दर्शकाने मला तीन आवाज दिले होते, 'गोळी फायनल', 'गोळी फायनल नवीन' आणि 'गोळी हीच वापर'. आता सांगा. प्रयोगात मी दाबलं ते 'फायनल', त्यात सुरुवातीला चार सेकंद शांतता राहिली होती, कापायची विसरलेली. नटाने चाप ओढला. काही नाही. परत ओढला. काही नाही. समोरचा बिचारा पडायच्या तयारीत गुडघे वाकवून उभा, पडू का नको. आणि मग असं झालं की प्रेक्षागृहात कोणी हसलं नाही. मी विंगेतून बघतोय, पहिल्या रांगेतली बाई दोन्ही हात तोंडावर धरून बसलीय. त्यांना वाटलं पिस्तूल अडकलं आणि आता हा वाचला. समोरचा पण हुशार, त्याने हळूच एक पाऊल पुढे टाकलं, हात पुढे केला, आण इकडे, असा. आणि तेवढ्यात माझी गोळी वाजली. थाड. माझ्या आयुष्यात मी त्याच्याइतका खरा मेलेला नट बघितला नाही, कारण तो खरंच दचकून पडला.

दिग्दर्शक आधी मला खाणार होता आणि नंतर म्हणाला पुढच्या प्रयोगाला चार सेकंद तशीच ठेव.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की बंदूक वाजते त्याला किंमत नाही, वाजायच्या आधीच्या वेळेला आहे. शेन (१९५३) बघा कोणी. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स महायुद्धात सैन्याच्या कॅमेरा युनिटमध्ये होता, खऱ्या गोळ्यांनी काय होतं ते बघून आलेला. त्याने सिनेमात गोळ्याच मोजून ठेवल्या. एका गरीब शेतकऱ्याला भाडोत्री गुंड भर चिखलात मारतो तो सीन, आधी कितीतरी वेळ नुसती बोलाचाली, आणि गोळी वाजते तेव्हा तिचा आवाज इतका मोठा की खुर्चीत हलायला होतं, त्यासाठी म्हणे छोटी तोफ कचऱ्याच्या पिंपात उडवून रेकॉर्डिंग केलं होतं. आणि नटाला मागून तारा बांधून खस्सकन खेचलं, त्यामुळे माणूस 'हाय' करून न कोसळता फेकला जातो. गंमत बघा, त्याने ते गोळीची भीती वाटावी म्हणून केलं आणि पुढच्या लोकांनी त्या तारांची सर्कस केली. खरी गोळी एवढ्या छोट्या वजनाची असते की ती माणसाला उडवून भिंतीवर नेऊच शकत नाही, तसं असतं तर झाडणारा पण तितकाच मागे उडाला असता.

गणितवेडा

विंगेतला आवाज यांना दंडवत 🙏 'गोळी हीच वापर'!

शोले (१९७५) कोणीच कसा काढला नाही? नावात बंदूक नाही मान्य, पण रिव्हॉल्वरचा सगळ्यात चांगला सीन तोच. सहा गोळ्या, समोर तीन माणसं. तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्यावर चाप ओढतो. तिघेही वाचतात. सगळे हसतात. मग काय होतं ते सांगायला नको.

आता हिशोब. तीन गोळ्या लागोपाठ झाडल्यात म्हणजे रिकामी घरं शेजारी-शेजारी आहेत. चक्र एकदाच फिरवलं असेल तर थांबायच्या जागा सहा, त्यातल्या एकाच जागी पहिली तिन्ही घरं रिकामी येतात. म्हणजे तिघे वाचायची शक्यता सहात एक. प्रत्येक वेळी नव्याने फिरवलं असतं तर आठात एक. म्हणजे एकदाच फिरवणं त्या तिघांच्या फायद्याचं होतं, अर्थात त्यांना त्याचा उपयोग काही झाला नाही.

माझा मुद्दा हा की रिव्हॉल्वर हे गोष्ट सांगायला मुळातच सोयीचं यंत्र आहे. सहसा सहाच्या वर आकडा जात नाही, त्यामुळे प्रेक्षक मनातल्या मनात मोजू शकतो. डर्टी हॅरी (१९७१) मध्ये पण तेच, पाच झाडल्या की सहा, यावरच सगळा सीन. मशिनगन आली की मोजणं संपतं. एके-४७ मिनिटाला साधारण ६०० गोळ्या झाडते, मॅगझिन ३० चं, म्हणजे चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत खडखडाट. सिनेमात हिरो एका मॅगझिनवर अख्खं गाणं संपवतो.

खिडकीपाशी

गणितवेडा, त्याचं उत्तर दिग्दर्शक जॉन वूने १९८६ मध्ये देऊन ठेवलंय. अ बेटर टुमारोमध्ये हिरो हॉटेलच्या पॅसेजमधून जाताना कुंड्यांमध्ये पिस्तुलं लपवत जातो. आत जाऊन दोन्ही हातांनी झाडतो, रिकामी झाली की टाकून देतो आणि बाहेर पडताना कुंडीतून भरलेली उचलतो. रीलोडिंगचा प्रश्नच नाही. आणि जॉन विक (२०१४) मधला माणूस भर मारामारीत मॅगझिन बदलताना दाखवतात, तिथे मी मोजायला बसतो आणि गोष्ट विसरतो, हा पण तोटाच.

विंगेतला आवाज, किस्सा भन्नाट, पण तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. रशियन नाटककार चेकॉव्हचा तो प्रसिद्ध नियम आहे ना, स्टेजवर भरलेली बंदूक ठेवायची असेल तर ती उडायलाच पाहिजे, नाहीतर ठेवू नका. नुसती ताणून ठेवायची आणि वाजवायचीच नाही ही प्रेक्षकाची फसवणूक. आणि नावात ठेवून आत काहीच नाही, ही तर जास्तच.

विंगेतला_आवाज

अहो पण मी कुठे म्हटलं वाजवू नका? चार सेकंद थांबा म्हटलं. आणि त्या नियमाचा अर्थ आवाज झाला पाहिजे असा नाही हो, ती वस्तू कामाला आली पाहिजे असा आहे. लॉक-स्टॉकमध्ये पुलावर काय वाजतंय? फोन. आणि बंदुका पुरेपूर कामाला आल्यात.

एक मात्र गंभीरपणे लिहितो. स्टेजवर आमची लाकडी होती म्हणून मी हा किस्सा हसत सांगतोय. ब्लँक म्हणजे खोटी गोळी असं लोक समजतात ते चूक आहे. ब्लँकमध्ये दारू खरी असते, फक्त पुढचं शिसं नसतं. जवळून ती पण मारते, १९८४ मध्ये एका टीव्ही नटाने सेटवर गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्वर कानशिलाला लावून झाडलं आणि गेला. डमी म्हणजे उलट, शिसं आहे पण दारू नाही, क्लोज-अपमध्ये भरलेलं दिसावं म्हणून. क्रो सिनेमाच्या वेळी १९९३ मध्ये नट ब्रँडन ली गेला तो या दोन्हींच्या घोळात. डमी बनवताना दारू काढली पण मागची टोपी, जी घोडा आपटला की पेटते, ती तशीच राहिली. तेवढ्या छोट्या स्फोटाने शिसं नळीत सरकून अडकलं, कोणी नळीत बघितलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक भरली, आणि ब्लँकच्या दारूने अडकलेलं शिसं बाहेर ढकललं. दोन अर्ध्या गोळ्यांची मिळून एक अख्खी झाली. २०२१ मध्ये रस्ट सिनेमाच्या सेटवर तर खऱ्याच गोळ्या निघाल्या, कॅमेऱ्यामागची हॅलिना हचिन्स गेली, शस्त्रं सांभाळणारीला पुढे दीड वर्षाची शिक्षा झाली. आता खूप ठिकाणी नळीतली ज्वाळा नंतर कॉम्प्युटरवर टाकतात, आणि फॅन लोक तक्रार करतात की खोटं दिसतं. दिसू दे की.

बिनधास्त_बबडी

वरचं वाचून हसू गेलं एकदम. तरी माझे दोन पैसे, बंदूक काढून टाकण्याबद्दल.

ईटी १९८२ चा, त्यात पाठलागात पोलिसांच्या हातात बंदुका होत्या. २००२ ला वीस वर्षं झाली म्हणून परत आणला तेव्हा स्पीलबर्गने कॉम्प्युटरने बंदुका पुसून हातात वॉकीटॉकी दिले. मुलांच्या मागे बंदूक घेऊन लागणं त्याला बरं वाटेना. पण नंतर तोच म्हणाला की चुकलं, आणि २०१२ च्या डिस्कमध्ये बंदुका परत आल्या. मी दोन्ही बघितलेत. वॉकीटॉकीवाल्यात मुलं सायकलवरून का उडतायत तेच कळत नाही, समोर माणसं उभी आहेत बोलायचं यंत्र घेऊन, बोला की त्यांच्याशी!

वन पीस या जपानी ॲनिमेच्या अमेरिकन डबिंगमध्ये तर डोक्याला लावलेल्या पिस्तुलाचा स्प्रिंगवाला हातोडा केला होता. यु-गि-ओ या दुसऱ्या ॲनिमेमध्ये बंदुका पुसल्या आणि नुसती बोटं रोखलेली ठेवली, दोन धिप्पाड सिक्युरिटीवाले गंभीर चेहऱ्याने बोट दाखवून उभे आणि समोरचा घाबरलाय. आमच्या घरी ते बघून भाच्याने महिनाभर सगळ्यांना बोट रोखून लुटलं.

आणि २०२२ मध्ये एका स्ट्रीमिंगवर बाँडच्या सिनेमांच्या चित्रांतून पिस्तुलं पुसली होती, आठवतंय? हात तसेच छातीवर आडवे, मुठीत काही नाही, जणू बसची वाट बघतोय. लोकांनी आरडाओरडा केला मग ती चित्रं बदलली. त्यांनी सुरुवातीचा तो गोल कसा पुसला असता? ती बंदुकीची नळीच आहे, आतून बघितलेली, १९६२ मध्ये डॉ. नोच्या वेळी मॉरिस बाइंडरने खऱ्या नळीतून पिनहोल कॅमेऱ्याने घेतलेली, ते पीळ दिसतात ते नळीतल्या खाचा. आणि पहिल्या तीन सिनेमांत तिथे चालत येणारा माणूस शॉन कॉनरी नाहीच, स्टंटमॅन बॉब सिमन्स आहे. माग. रां., घ्या हा एक प्रश्न फुकट.

तर धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: नाव म्हणजे पोस्टरवरचा हात आहे. बंदूक काढली की हात वेड्यासारखा दिसतो, म्हणून ठेवतात. आत ती झाडतात का नाही हा नंतरचा प्रश्न.

मागची_रांग

बबडी, घेतला. विंगेतला आवाज, क्रोचं मला अर्धवटच माहीत होतं, क्विझमध्ये अपघातांवर काही विचारणार नाही हे नक्की केलं.

शेवटची यादी झाली, बारा प्रश्न. फँटम, बाँडची नळी, डक हंट, थुपाक्की-हॉलिडे, सोनेरी पिस्तुलाचा चाप कशाचा, सगळं आहे. गनस्मोकवर एक टाकलाय, १९५५ ते १९७५, वीस वर्षांत एकूण किती एपिसोड, उत्तर ६३५, आणि तो आकडा सिम्पसन्सने २०१८ मध्ये ओलांडला. कण्याच्या यादीत विंचेस्टर आणि लॉक-स्टॉक. शोलेचं गणित टायब्रेकरला ठेवतोय, बघू कोणी सहात एक सांगतं का.

भाषांतराचा राउंड पण ठेवलाय, मी मराठी नाव देणार, त्यांनी मूळ ओळखायचं.

शब्दखाऊ

मस्त! फक्त नॅव्हरोनला कोणी 'बंदुका' म्हटलं तर अर्धा मार्क पण देऊ नका.

हवाई_चप्पल

आणि टॉप गनचं मराठी काय दिलंत ते तरी सांगा??